एक पद, दोन पदार्थ : रक्तक्लथनाच्या अभ्यासातील एका प्रतिपिंडाची साक्ष

१

गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने वैद्यकीय परिभाषेवरील आपल्या लघुप्रबंधासाठी संज्ञांची कार्डे तयार केली. त्यांतील दोन कार्डे तिने एकत्र टाचली होती. एकावर 'आठव्या घटकाचा प्रतिजन' अशी संज्ञा होती, दुसऱ्यावर 'आठव्या घटकाशी संबंधित प्रतिजन' अशी. दोन्ही समानार्थी मानून तिने त्यांची एकच नोंद केली होती. वरवर पाहता यात वावगे काही दिसत नव्हते. 'संबंधित' हे विशेषण परिभाषेत पुष्कळदा केवळ शिष्टाचार म्हणून येते, अर्थात भर घालण्यासाठी येत नाही. मीही ती नोंद योग्य म्हणून पुढे पाठविली.

वैद्यक महाविद्यालयातील एका स्नेह्याने ती वाचून परत पाठविली, तेव्हा चूक ध्यानात आली. या दोन संज्ञा दोन निरनिराळ्या प्रथिनांच्या वाचक आहेत. त्यांच्यातील भेद न कळल्यास रुग्णाला भलतेच औषध दिले जाण्याचा संभव आहे. एकाच नावाखाली दोन पदार्थ कसे नांदले आणि ते परस्परांपासून कसे विलग झाले, याचा इतिहास पाहता त्यात एका प्रयोगशालेय प्रतिपिंडाचा मोठा वाटा असल्याचे आढळते. तो इतिहास मांडणे आणि अशा प्रतिपिंडाची साक्ष कोठवर ग्राह्य मानावी याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

रक्तवाहिनीला इजा झाली म्हणजे रक्त थांबण्याची क्रिया स्थूलमानाने दोन अंगांनी होते. प्रथम रक्तातील बिंबाणू इजा झालेल्या जागी चिकटून तात्पुरते बूच तयार करतात. त्याचबरोबर रक्तद्रवातील अनेक प्रथिने एकामागून एक कार्यान्वित होऊन शेवटी फायब्रिन नावाच्या तंतूंचे जाळे विणले जाते व ते बूच पक्के होते. या प्रथिनांना क्लथन घटक असे म्हणतात.

हे घटक प्रथम हाती आले ते पदार्थ म्हणून नव्हे, तर उणीव म्हणून. एखाद्या रुग्णाचा रक्तद्रव वेळेवर गोठत नाही, त्यात निरोगी माणसाच्या रक्तद्रवाचा अंश मिसळला की तो गोठतो. तेव्हा निरोगी रक्तद्रवात असे काहीतरी आहे की जे रुग्णापाशी नाही, असे अनुमान निघे. त्या 'काहीतरी'ला संशोधक नाव देत. म्हणजे नाव मिळे ते एका क्रियेला; ती क्रिया करणारी वस्तू कोणी पाहिलेली नसे. आजही आठव्या घटकाची क्रियाशीलता मोजताना हीच युक्ती योजतात. ज्यात तो घटक नाही अशा रक्तद्रवात तपासावयाचा नमुना मिसळावयाचा आणि गोठण्यास किती सेकंद लागतात ते पाहावयाचे.

प्रत्येक प्रयोगशाळेने आपापले नाव दिल्यामुळे १९५० च्या सुमारास मोठा गोंधळ माजला. आज ज्याला आठवा घटक म्हणतात त्याला कोणी हीमोफिलियाविरोधी ग्लोब्युलिन म्हणे, कोणी थ्राँबोप्लास्टिनोजेन म्हणे. काही नावे रुग्णांच्या आडनावांवरून पडली. १९५२ मध्ये वर्णिलेला ख्रिसमस घटक हा नाताळच्या सणाचा नव्हे, तर ख्रिसमस आडनावाच्या रुग्णाचा. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीने यावर उपाय म्हणून या घटकांना रोमन आकडे दिले. आकड्याला व्युत्पत्ती नसते, म्हणून त्यावर वादही होत नाही, हा त्यातील सोयीचा भाग होता.

परंतु शब्द आणि वस्तू यांच्यातील नाते दोन प्रकारे बिघडू शकते. एका वस्तूला अनेक नावे असणे हा एक प्रकार. आपले कोशकार त्यांना पर्याय म्हणतात. एका नावाच्या अनेक वस्तू असणे हा दुसरा. अमरकोशात त्यासाठी नानार्थवर्ग स्वतंत्र ठेवला आहे. समितीने पर्यायांचा गोंधळ मिटविला. नानार्थाचा दोष मात्र आकड्यांच्या आड दडून राहिला. सहावा घटक म्हणून जे मानले होते ते पाचव्याचेच कार्यान्वित रूप निघाले आणि तो आकडा कायमचा रिकामा पडला. सहाव्या आकड्याला पदार्थ उरला नाही. आठव्या आकड्यापाशी मात्र दोन पदार्थ होते आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. 'पदार्थ' या शब्दाचा मूळ अर्थ पदाचा अर्थ असाच आहे, हे येथे आठवावे.

३

या दोषाचे मूळ दोन रोगांच्या साम्यात होते. हीमोफिलिया ए हा बहुधा पुरुषांत दिसणारा रोग आईकडून मुलाकडे येतो. त्यात सांध्यांत आणि स्नायूंत रक्तस्राव होतो. त्यात आठव्या घटकाची क्रियाशीलता कमी असते, हे कळले होते. दुसरा रोग हेलसिंकीचे वैद्य एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये वर्णिला. फिनलंडच्या अखत्यारीतील ओलांड बेटांवरील एका कुटुंबात त्यांना तो आढळला. या रोगात स्त्री-पुरुष दोघांनाही नाक, हिरड्या इत्यादी श्लेष्मल भागांतून रक्तस्राव होई. बिंबाणूंची संख्या नेहमीइतकी असे, तरी लहानशा जखमेचे रक्त थांबण्यास फार वेळ लागे. त्यांनी त्याला आनुवंशिक छद्म-हीमोफिलिया असे नाव दिले. हीमोफिलियासारखा दिसतो, पण हीमोफिलिया नव्हे, एवढेच ते नाव सांगत होते.

१९५३ पासून एक चमत्कारिक गोष्ट पुढे येऊ लागली. या छद्म-हीमोफिलियातही आठव्या घटकाची क्रियाशीलता कमी भरत होती. एकाच घटकाच्या उणिवेने दोन भिन्न रोग, भिन्न आनुवंशिकता आणि भिन्न लक्षणे कशी संभवतात? स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन, मार्गारेटा ब्लोम्बेक व त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेल्या प्रयोगांनी हे कोडे अधिकच गूढ केले. त्यांनी छद्म-हीमोफिलियाच्या रुग्णाला रक्तद्रवाचा एक विशिष्ट अंश दिला, तेव्हा रक्तस्राव लवकर थांबू लागला. हा अंश हीमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवातून काढला तरीही गुण येत होता, आणि त्यानंतर रुग्णाच्या रक्तात आठव्या घटकाची क्रियाशीलता वाढत होती. ज्याच्यापाशी ती क्रिया नाही त्याच्याकडून ती क्रिया दुसऱ्याला मिळत होती. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर क्रिया एक आणि कारके दोन, असा तो प्रकार होता.

४

येथे प्रतिपिंडाचा प्रवेश होतो. सशाच्या शरीरात मानवी प्रथिन टोचले असता सशाची प्रतिरक्षा यंत्रणा त्याला परके ठरवून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ज्या परक्या द्रव्याविरुद्ध ती तयार होतात त्याला प्रतिजन म्हणतात. काही आठवड्यांनी सशाचे रक्त काढून त्याचा रक्तरस वेगळा केला की ही प्रतिपिंडे हाती येतात. प्रत्येक प्रतिपिंड प्रथिनाच्या पृष्ठभागावरील एका लहानशा विशिष्ट आकाराला जाऊन बिलगते. ते प्रथिन शरीरात कोणते काम करते, याच्याशी प्रतिपिंडाला कर्तव्य नसते. त्याला आकार ओळखता येतो, अर्थ ओळखता येत नाही.

अशा रक्तरसात इतर प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडेही मिसळलेली असतात. ती दूर करण्यासाठी, ज्यात इष्ट प्रथिन नाही पण बाकीची आहेत अशा द्रव्याशी रक्तरस मिसळून अनावश्यक प्रतिपिंडे त्यात शोषवून घेतात. जे नको ते वगळून उरेल तेच लक्ष्य, ही रीत पाहून दिङ्नागाच्या अपोहवादाची आठवण होते.

मोजण्याचे तंत्र स्वीडनमधील कार्ल-बर्टिल लॉरेल यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले होते. अॅगरोजच्या पातळ थरात प्रतिपिंडे मिसळावयाची, कडेला लहान खळगे करून त्यांत रक्तद्रवाचे नमुने घालावयाचे आणि थरातून विद्युत्प्रवाह सोडावयाचा. प्रतिजन पुढे सरकत जातो, प्रतिपिंडांशी गाठ पडून साका बनतो आणि अग्निबाणासारखा निमुळता आकार उमटतो. प्रतिजन जितका अधिक तितका बाण उंच. थराला रंग देऊन बाणांची उंची मोजली की नमुन्यांतील प्रमाण कळते.

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे थिओडोर झिमरमन, ऑस्कर रॅटनॉफ व पॉवेल यांनी मानवी आठव्या घटकाच्या शुद्ध केलेल्या द्रव्याविरुद्ध सशांत प्रतिपिंडे तयार केली आणि ही पद्धत दोन्ही रोगांना लावली. त्यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांत गोठण्याच्या कसोटीने मोजलेली क्रियाशीलता आणि बाणाची उंची यांचा मेळ बसत होता. छद्म-हीमोफिलियात दोन्ही कमी होत्या. परंतु हीमोफिलियात क्रियाशीलता नाहीशी झाली असतानाही बाण निरोगी माणसाच्या बाणाइतकाच उंच येत होता.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रयोगाची रचना परिचयाची वाटेल. 'पाट' आणि 'ताट' ही जोडी समोर ठेवून आपण 'प' आणि 'त' हे भिन्न वर्ण असल्याचे ठरवितो. बाकी सर्व समान असता एका ठिकाणी भेद पडला तर तो भेद अर्थपूर्ण मानतो. येथे दोन रोग्यांचे रक्तद्रव हे तसेच एक लघुतम युग्म होते. गोठण्याच्या कसोटीला ते सारखे दिसत. प्रतिपिंडाच्या कसोटीला ते निरनिराळे ठरले.

५

भेद सिद्ध झाला, तरी त्याचा अर्थ लावणे राहिले होते. हीमोफिलियाच्या रुग्णात आठवा घटक असतो पण तो निकामी असतो, असा अर्थ सहज लावता येत होता. परंतु दुसऱ्या एका साक्षीदाराचे म्हणणे वेगळे होते. हीमोफिलियाच्या काही रुग्णांना वारंवार रक्तद्रव दिल्यामुळे त्यांच्याच शरीरात आठव्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात व ती त्याची क्रिया बंद पाडतात. ही मानवी प्रतिपिंडे वापरून पाहिले असता बहुसंख्य हीमोफिलिया रुग्णांच्या रक्तद्रवात त्यांना बिलगणारे काही सापडत नव्हते. सशाचा रक्तरस 'आहे' म्हणत होता, रुग्णाचा 'नाही' म्हणत होता.

दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. त्या एका वस्तूविषयी नव्हत्या इतकेच. तीव्र क्षारद्रावणात आठव्या घटकाचे द्रव्य स्तंभातून गाळले असता त्याचे दोन भाग होतात, असे १९७२ च्या सुमारास दिसून आले. एक भाग प्रचंड आकाराचा. सशाची प्रतिपिंडे त्याला बिलगत, पण त्यात गोठविण्याची क्रिया नव्हती. दुसरा लहान, क्रिया त्याच्यापाशी होती. मोठ्या भागाला पुढे फॉन विलेब्रांड घटक हे नाव रूढ झाले. बिंबाणूंना जखमेवर चिकटविणे हे त्याचे एक काम, आणि आठव्या घटकाला रक्तात सांभाळून नेणे हे दुसरे. वाहक असता आठवा घटक रक्तात निम्मा होण्यास सुमारे १२ तास लागतात. वाहक नसल्यास एक-दोन तासांतच तो निम्म्यावर येतो.

एवढे कळल्यावर मागची सर्व कोडी एका ओळीत उलगडतात. छद्म-हीमोफिलियात वाहकच कमी पडतो आणि म्हणून वाहिलेला घटकही कमी होतो. स्वीडनच्या प्रयोगात हीमोफिलियाच्या रक्ताने वाहक पुरविला आणि रुग्णाचा स्वतःचा आठवा घटक टिकू लागला. सशाला जे 'शुद्ध' द्रव्य टोचले होते त्यात वजनाने वाहकच फार मोठ्या प्रमाणावर होता, कारण एक मिलिलिटर रक्तद्रवात तो सुमारे १० मायक्रोग्रॅम असतो आणि आठवा घटक सुमारे ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम. सशाने बहुसंख्याकाविरुद्ध प्रतिपिंडे केली. बाटलीवर नाव होते अल्पसंख्याकाचे.

पुढे आठव्या घटकाच्या जनुकाचा उलगडा १९८४ मध्ये झाला आणि फॉन विलेब्रांड घटकाच्या जनुकाचा १९८५ मध्ये. पहिले जनुक क्ष गुणसूत्रावर आहे, दुसरे बाराव्या गुणसूत्रावर. मुलगे आणि मुली यांच्यातील आनुवंशिकतेचा भेद त्यामुळे स्पष्ट झाला.

६

या संक्रमणकाळात जी चिन्हपद्धती प्रचारात आली ती भाषिक दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. आठच्या आकड्यापुढे अपूर्णविराम देऊन 'सी' लिहिले की गोठविण्याची क्रिया समजावयाची, आणि 'एजी' लिहिले की प्रतिपिंडाने ओळखला जाणारा प्रतिजन समजावयाचा. मोठ्या भागासाठी आठच्या पुढे संबंधित या अर्थी 'आर' जोडला गेला, म्हणून '८आर:एजी'. विद्यार्थिनीच्या कार्डावरील 'संबंधित' तो हाच. अपूर्णविरामाच्या डावीकडे धर्मी आणि उजवीकडे मोजलेला धर्म, अशी ही व्यवस्था होती. वस्तू आणि तिच्याविषयीचे विधान यांची फारकत करण्याचा हा प्रयत्न स्तुत्य होता. परंतु 'आर'च्या आधाराने एका प्रथिनाला दुसऱ्याच्या आडनावाखाली ठेवण्यात आले, हा त्यातील दोष होता. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने तो काढून टाकला आणि फॉन विलेब्रांड घटकाला स्वतंत्र संक्षेप दिला.

नावे मात्र समितीच्या ठरावाने मरत नाहीत. फॉन विलेब्रांड घटक रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशींत तयार होतो. म्हणून ऊतींच्या छेदांत त्या पेशी ओळखण्यासाठी त्याविरुद्धचे प्रतिपिंड वापरतात. विकृतिशास्त्राच्या लेखनात त्याला 'आठव्या घटकाशी संबंधित प्रतिजन' म्हणण्याची वहिवाट १९८५ नंतरही पुष्कळ काळ चालू राहिली. जुने निबंध वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

७

आजच्या प्रयोगशाळेत ज्या बाटल्या येतात त्यांवरील मजकूर हे संक्षिप्त भाषेचे उत्तम उदाहरण आहे. 'ससा, मानवी फॉन विलेब्रांड घटकविरोधी, पॉलिक्लोनल' या शब्दांत 'मानवी' हे विशेषण प्रथिनाचे आहे, प्रतिपिंडाचे नाही. प्रतिपिंड सशाचे आहे. मराठीत 'मानवी प्रतिपिंड' असे भाषांतर केल्यास कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते. पॉलिक्लोनल म्हणजे प्रथिनाच्या अनेक आकारांना बिलगणाऱ्या प्रतिपिंडांचे मिश्रण. मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली आणि एकच आकार ओळखणारी प्रतिपिंडे. हे तंत्र कोहलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे सिद्ध केले. 'केवळ संशोधनासाठी' या शब्दांचा अर्थ असा की त्या प्रतिपिंडाच्या आधारे रुग्णाचे निदान करावयाचे नाही.

प्रतिपिंड एका संदर्भात ओळखते म्हणून दुसऱ्या संदर्भातही ओळखेल असे नाही. घडी असलेल्या प्रथिनाचा आकार ओळखणारे प्रतिपिंड, तेच प्रथिन उष्णतेने उलगडल्यावर मुके होऊ शकते. म्हणून प्रत्येक उपयोगासाठी स्वतंत्र कसोटी घ्यावी लागते. फॉन विलेब्रांड घटक जवळजवळ मुळीच नसलेल्या, म्हणजे तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांचा रक्तद्रव यासाठी मोलाचा ठरतो. तेथेही प्रतिपिंडाने 'आहे' म्हटले तर ते दुसऱ्याच कशाला बिलगत आहे, असे समजावे.

याहून महत्त्वाची मर्यादा ही की प्रतिपिंड अस्तित्वाची साक्ष देते, कार्याची देत नाही. फॉन विलेब्रांड रोगाच्या दुसऱ्या प्रकारात प्रथिन असते पण त्याचे काम बिघडलेले असते. म्हणून क्रियाशीलता आणि प्रतिजन या दोन्ही मोजून त्यांचे गुणोत्तर पाहतात. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ०.७ ही मर्यादा सुचविली आहे. त्याच रोगाच्या '२ एन' या उपप्रकारात वाहकाचे प्रमाण पुरेसे असते, बिंबाणूंचे कामही होते, पण आठव्या घटकाला धरण्याची जागा बिघडलेली असते. असा रुग्ण हीमोफिलियाचा रुग्ण म्हणून सहज गणला जातो. त्याला केवळ आठवा घटक दिला तर तो रक्तात टिकत नाही. वाहकासह द्यावा लागतो. नावाची चूक येथे थेट उपचाराची चूक होते.

आकड्याचाही अर्थ संदर्भावर अवलंबून असतो. ए, बी, ओ हे रक्तगट ज्या शर्करासाखळ्यांनी ठरतात त्या फॉन विलेब्रांड घटकावरही असतात. १९८७ च्या एका मोठ्या पाहणीत ओ गटाच्या माणसांत या प्रतिजनाची सरासरी ७५ एकके, तर एबी गटात १२३ एकके आढळली. मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये प्रतिपिंडांच्याच साहाय्याने जो दुर्मीळ 'बाँबे' रक्तगट शोधून काढला, त्यात या साखळ्यांचा पायाच नसतो. त्या व्यक्तींत या घटकाचे प्रमाण आणखी कमी भरते. तेव्हा ओ गटातील निरोगी माणसाच्या आकड्यावरून त्याला रोगी ठरविण्याची घाई करता येत नाही.

क्रिया आणि प्रतिजन यांचे गुणोत्तर घेण्याची कल्पनाही १९७१ मधलीच आहे. क्लीव्हलंडच्या त्याच गटाने तिचा उपयोग हीमोफिलियाच्या वाहक स्त्रिया ओळखण्यासाठी केला. अशा स्त्रीत आठव्या घटकाची क्रिया सरासरीने निम्मी असते, पण प्रतिजन नेहमीइतका असतो. रुग्णाच्या बहिणीला आपल्या मुलांविषयी जी शंका असते तिचे उत्तर केवळ क्रिया मोजून पुरेशा खात्रीने देता येत नव्हते. दोन मापांच्या तुलनेने ते पुष्कळ अंशी देता येऊ लागले. पुढे जनुकांच्या परीक्षेने हे काम अधिक निश्चितपणे होऊ लागले.

८

वरील विवेचनावरून परिभाषाकाराने घ्यावयाचा बोध सरळ आहे. विज्ञानातील संज्ञा पुष्कळदा वस्तूच्या आधी जन्माला येते. ती ज्या कसोटीतून निघाली ती कसोटी ठाऊक नसेल, तर केवळ शब्दाकडे पाहून तिचा अर्थ ठरविता येत नाही. आठव्या घटकाचे नाव गोठण्याच्या कसोटीतून निघाले आणि सशाच्या प्रतिपिंडाची कसोटी त्याला लावताच त्यातील दोन अर्थ वेगळे झाले. म्हणून संज्ञाकोशातील अशा प्रत्येक नोंदीत अर्थाबरोबर मापनाची रीत आणि संज्ञा प्रचारात असल्याचा काळ दिला पाहिजे.

विद्यार्थिनीने कार्डे पुन्हा लिहिली. 'आठव्या घटकाचा प्रतिजन' याखाली तिने 'क्ष गुणसूत्रावरील जनुकापासून होणारे प्रथिन. प्रतिपिंडाने मोजलेले' असे लिहिले. 'आठव्या घटकाशी संबंधित प्रतिजन' याखाली 'जुनी संज्ञा. १९८५ नंतर त्याज्य. फॉन विलेब्रांड घटकाचा प्रतिजन पाहा' असे लिहिले. टाचणी काढून दोन्ही कार्डे आता निरनिराळ्या खणांत ठेवली आहेत.